शेताचा पाइप आणि लेकरांचं पाणी

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अहमदपूर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या उसाला ठिबक आहे. ड्रिपर बुजले म्हणून मला बोलावणं आलं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. दोन-तीन वर्षांत ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि उसाच्या निम्म्या सरीला पाणी पोचत नाही. त्यावर आम्लप्रक्रिया करतात. व्हेंच्युरीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं, पाण्याचा सामू ४ च्या आसपास आणायचा, ते पाणी काही तास नळ्यांत कोंडून ठेवायचं आणि मग शेवटच्या झाकण्या उघडून सगळं धुऊन काढायचं. हे करून दाखवलं, झाडाखाली बसलो, तेवढ्यात आखाड्यावरच्या सालगड्याची बायको हातात तांब्या घेऊन आली.

"सायेब, आज पानी आंबट लागायलंय. लेकरू थुंकून टाकायलंय."

मी उठून पाहिलं. ठिबकाच्या मेन लाइनवर, व्हेंच्युरीच्या पुढं, एक 'टी' बसवलेला होता. त्यातून अर्ध्या इंचाची नळी निघून आखाड्याच्या टाकीत जात होती. हे कुटुंब त्याच टाकीतलं पाणी पीत होतं. आम्ल त्या दिवशी टाकीपर्यंत आलं होतं. टाकी लगेच रिकामी केली, दोनदा धुतली. लेकराने चवीमुळे थुंकून टाकलं म्हणून निभावलं. आता खरं सांगायचं तर तो 'टी' बसवायचा सल्ला तीन वर्षांपूर्वी मीच दिला होता. बाईला विहिरीवरून घागरी वाहाव्या लागत होत्या, मेन लाइन दारावरून जात होती, तेव्हा सोय होईल म्हणून सांगितलं. शेतीचं पाणी आणि पिण्याचं पाणी एकाच नळीत घातलं तर काय होऊ शकतं, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

त्या दिवशी पाइपही नीट पाहिला. पाच-सहा वर्षांचा पीव्हीसी. उन्हात पडून रंग उडालेला, हात फिरवला की बोटाला पांढरी भुकटी लागत होती. त्यावर कंपनीचं नाव नाही, आयएसआयचा शिक्का नाही, कोणताही आकडा नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "शिक्का बिक्का कोण बघतंय साहेब, किलोवर स्वस्त पडला म्हणून घेतला. पाइप तो पाइपच की."

पाइप तो पाइपच असतो का, हाच आजचा विषय आहे.

शिसं ही धातू जुनी. वाकवायला सोपी, गंजत नाही, म्हणून रोमन लोकांनी तिचे नळ केले. इंग्रजीतला प्लंबर हा शब्दसुद्धा शिशाच्या लॅटिन नावावरूनच आला. आपल्याकडे मराठवाड्यात मात्र परंपरा वेगळी होती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या छत्रपती संभाजीनगरात जी नहर आणली, तिचे नळ भाजलेल्या मातीचे. पुढे इंग्रजी पद्धतीचे नळपाणी आले, तेव्हा बिडाच्या पाइपांचे जोड तागाची दोरी ठासून त्यावर वितळलेलं शिसं ओतून बंद करत. जुन्या माणसांनी हे काम डोळ्यांनी पाहिलेलं असेल. ते जोड आता बहुतेक ठिकाणी जमिनीत किंवा भंगारात गेले. म्हणून कोणी म्हणेल की शिशाचे नळ आपल्या खेड्यात नाहीतच, तर मग ही चर्चा कशाला?

चर्चा पीव्हीसीमुळे आहे. पीव्हीसीचा पाइप तयार करताना कच्चा माल तापवावा लागतो आणि नुसता पीव्हीसी तापवला तर तो जळतो, पिवळा पडतो. ते होऊ नये म्हणून त्यात एक पदार्थ मिसळतात, त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. कित्येक वर्षं आपल्या देशात त्यासाठी शिशाचे क्षार वापरले जात होते, कारण ते स्वस्त आणि कामाला चांगले. कॅल्शियम-जस्ताचे किंवा कथलाचे पर्याय होते, पण महाग. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या प्रश्नात लक्ष घातलं आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपातील शिशाच्या स्टॅबिलायझरबाबत नियम काढले. चांगली गोष्ट झाली. पण नियम पुढच्या मालाला लागतो. त्याआधी घेतलेले, जमिनीत गाडलेले, बांधावर पडलेले आणि एका शेतातून उचलून दुसऱ्या शेतात नेलेले पाइप आपल्याकडे हजारो आहेत. जुने पाइप वितळवून केलेला, शिक्का नसलेला माल आजही खेड्याच्या बाजारात सहज मिळतो, आणि जुन्या पाइपात जे होतं ते वितळवल्याने नाहीसं होत नाही.

आता हे शिसं पाण्यात येतं कसं? पाइपाच्या आतल्या पृष्ठभागावरून थोडं थोडं सुटतं. पाइप नवा असताना सुरुवातीचे काही आठवडे जास्त सुटतं. पाणी पाइपात रात्रभर उभं राहिलं, की सकाळच्या पहिल्या पाण्यात जास्त उतरतं. पाणी गरम झालं की वाढतं. नांदेड-लातुरात वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा उघड्यावर पडलेल्या पाइपातलं पाणी हाताला चटका देतं हे आपण सगळे जाणतो. आणि पाणी आंबट म्हणजे आम्लधर्मी झालं, तर शिसं अजून सहज विरघळतं. ठिबकात आपण मुद्दाम सामू ४ वर आणतो. त्या आखाड्यावर या सगळ्या गोष्टी एकाच नळीत जमल्या होत्या. जुना शिक्का नसलेला पाइप, वैशाखाचं ऊन, रात्रभर साचलेलं पाणी आणि वरून आम्ल.

आपलं बोअरचं पाणी जड आहे, हा इथे थोडा फायदाच. जड पाण्याचा क्षार धातूच्या नळांना आतून थर देतो आणि तो थर धातू विरघळू देत नाही. पण पाण्याचा उगम बदलला की हे गणित बदलतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. तिथे एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवायला पाण्याचा उगम बदलला, नदीचं पाणी घेतलं आणि नळ आतून न झिजावेत म्हणून जे औषध पाण्यात घालायला हवं होतं ते घातलं नाही. नव्या पाण्याने जुन्या शिशाच्या नळांतला थर खाल्ला. लेकरांच्या रक्तात शिसं वाढलं आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. पैसा आणि यंत्रणा असलेल्या देशात हे झालं.

त्याच २०१६ साली आपलं लातूर पाण्यासाठी रेल्वेकडे डोळे लावून बसलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत पाणी मिळणं हाच प्रश्न होता, ते कशातून येतं हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती आणि तसं विचारायची अपेक्षाही चुकीची ठरली असती. पण त्या वर्षी आणि त्याच्या आगेमागे घाईघाईत ज्या तात्पुरत्या लाइनी टाकल्या, त्यांतल्या कित्येक पुढे कायमच्या झाल्या. आपल्या गावात तशी एखादी असेल तर ती जुनी गरज आता सरली आहे का, हे बघायला हरकत नाही.

शिशाला चव नाही, रंग नाही, वास नाही. म्हणून लोक फसतात. "पानी गोड हाय की साहेब" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही, पाणी खरोखर गोड असू शकतं. पाणी उकळून घेण्याचा सल्ला आपण पटकीच्या, काविळीच्या साथीत देतो, तो जंतूंसाठी बरोबर आहे. शिसं उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतं. टीसीएल पावडर, तुरटी यांच्यावरही इथे भिस्त ठेवता येत नाही.

भारतीय मानक १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं मानक. १९९१ च्या मानकात एका लिटरला ०.०५ मिलिग्रॅम शिशाची मुभा होती, २०१२ मध्ये ती ०.०१ वर आणली. म्हणजे हजार लिटरच्या काळ्या टाकीत दहा मिलिग्रॅम, साखरेचे मोजके दाणे होतील एवढं. फ्लोराइडबाबत दुसरा उगम नसेल तर १ ऐवजी १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यायची सवलत मानकात आहे. शिशाला तशी सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच सापडलेली नाही.

लेकरांना धोका जास्त का, हे सांगणं भाग आहे. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान लेकराच्या अंगात चार-पाच पट शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या शरीरात ते अजून वाढतं, आणि आपल्याकडे गरीब घरातल्या बायका-लेकरांत रक्त कमी असणं ही नेहमीची गोष्ट आहे. शिसं हाडात साठतं. बाई गरोदर राहिली की हाडातलं शिसं रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत जातं. परिणाम ताप-खोकल्यासारखा दिसत नाही. लेकरू अभ्यासात मागं पडतं, चिडचिड करतं, लक्ष लागत नाही, पोट दुखतं म्हणतं. गुरुजी म्हणतात मठ्ठ आहे, आई म्हणते नजर लागली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अहवालात जगातल्या दर तीन लेकरांपैकी एकाच्या रक्तात शिसं जास्त असल्याचं म्हटलं होतं. यात पाइपाचा वाटा सगळा नाही, हेही सांगितलं पाहिजे. जुन्या बॅटऱ्या फोडणं हे मोठं कारण आहे. आपल्या आखाड्यावर ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पाण्याच्या टाकीशेजारी पडलेली मी कितीदा पाहिली आहे. ती तिथून उचला, बाकीचं पुढचं पुढं.

हेही बजावून सांगतो की यावरून कोणी नळाचं पाणी सोडून ओढ्याचं पाणी प्यायला लागू नये. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत रोजचा मोठा धोका अजूनही जंतूंचा आहे, आणि नांदेड जिल्ह्यात फ्लोराइडचा. सुनेगाव-सांगवीत आणि किनवट तालुक्यातल्या काही गावांत फ्लोराइडने माणसांची हाडं वाकली, दात गेले. पण फ्लोराइड आणि शिसं यांत एक मोठा फरक आहे. फ्लोराइड खडकातून येतं, म्हणून ते विहिरीवर, बोअरवर नमुना घेतला की सापडतं. शिसं नळीतून येतं. विहिरीचं पाणी अगदी निर्मळ असेल आणि घरातल्या तोटीला शिसं असेल, असं होऊ शकतं. उगमाचा नमुना कितीही वेळा तपासला तरी ते दिसणार नाही.

इथे गावच्या कारभाऱ्यांना, सरपंचांना आणि भाऊसाहेबांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं) दोन शब्द सांगायचे आहेत. ग्रामपंचायतीला पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणात हिरवं कार्ड मिळालं की आपण ते फलकावर लावतो. लावावं. पण ते कार्ड उगमाभोवतीची घाण, गळती, टीसीएलचा साठा आणि वापर यांवर मिळतं. त्यात शिसं तपासलेलं नसतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीची पेटी देऊन शिकवलं, ही या योजनेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पण त्या पेटीत सामू, क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, शिल्लक क्लोरिन असं तपासता येतं, शिसं नाही. त्याला अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनसारखं महागडं यंत्र लागतं आणि ते प्रत्येक छोट्या प्रयोगशाळेत नसतं. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेला पत्र देताना "पाणी तपासून मिळावे" एवढंच लिहू नका. "शिसे या घटकासाठी तपासून मिळावे" असं स्पष्ट लिहा. तिथे सोय नसेल तर नमुना कोणत्या प्रयोगशाळेत पाठवायचा, ते त्यांच्याकडूनच लेखी घ्या.

नमुना कसा घ्यायचा, यात खरी मेख आहे. जलसुरक्षक नमुना घेताना तोटी सोडून पाच मिनिटं पाणी वाहू देतो. जंतूंच्या तपासणीला ते बरोबर आहे. शिशासाठी उलट करायचं. रात्री झोपताना तोटी बंद, सकाळी कोणी काही न वापरता पहिलं पाणी बाटलीत. त्यानंतर पाच मिनिटं पाणी सोडून दुसरी बाटली. आणि तिसरी थेट विहिरीवरून किंवा बोअरवरून. तिन्हींवर वेगळी चिठ्ठी. पहिल्या बाटलीत शिसं आहे आणि तिसरीत नाही, तर दोष पाइपाचा किंवा तोटीचा. बाटल्या प्रयोगशाळेतूनच आणाव्या, कारण या नमुन्यात आम्लाचे थेंब टाकावे लागतात आणि ते काम त्यांचं. गावातली सगळी घरं तपासणं जमणार नाही. अंगणवाडी, शाळा आणि लाइनच्या शेवटच्या टोकाचं एखादं घर, एवढं पुरे.

खर्चाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग २०२१ ते २०२६ या काळासाठी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता. त्यातून कित्येक गावांनी पाइप घेतले. त्या खरेदीची बिलं दप्तरात असतील. ती काढून पाइपावर कोणता मानक क्रमांक होता ते बघा. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपाला भारतीय मानक ४९८५, एचडीपीईला ४९८४. एचडीपीई हा वेगळा प्लास्टिक, त्याला शिशाचा स्टॅबिलायझर लागत नाही, म्हणून पिण्यासाठी तो घेतला तर बरं. पण तिथेही फसगत आहे. तुषार सिंचनाच्या पाइपावर १४१५१ असतो, ठिबकाच्या लॅटरलवर १२७८६. रंग तोच काळा, दुकानही तेच. क्रमांक वाचल्याशिवाय फरक कळत नाही. ठेकेदार चारीत पाइप टाकून माती ओढण्याआधी पाइपावरची छपाई मोबाइलमध्ये टिपून ठेवा. माती पडल्यावर काळ्या रानात पुन्हा उकरून बघायला कोणी जात नाही.

आमच्या खात्याबद्दलही बोललं पाहिजे. आम्ही अनुदानावर पाइप देतो, अर्ज भरून घेतो, मोका तपासणी करतो, बिल आणि शिक्का बघतो. पण हा पाइप शेतीसाठी आहे, पिण्यासाठी नाही, हे वाक्य आम्ही शेतकऱ्याला कधी सांगत नाही. पूर्वसंमतीच्या पत्रात ही एक ओळ छापायला काय लागतं? सोय नसलेल्या वस्तीवर माणूस जवळची नळी वापरणारच, हे गृहीत धरून चालायला हवं. जलजीवन मिशनची सुरुवात १५ ऑगस्ट २०१९ ला झाली, माणशी ५५ लिटरचं उद्दिष्ट ठरलं, गावठाणात तोट्या आल्या. आखाड्यावरचा सालगडी मात्र गावठाणाच्या बाहेर राहतो. वर्षाला साल बदललं की त्याचा आखाडाही बदलतो. त्याचं नाव पाणीपट्टीच्या यादीत नाही आणि त्याच्या लेकराच्या पाण्याचा नमुना कोणी घेत नाही. माझ्या मते या विषयातली खरी अडचण इथे आहे, आणि ती ज्याच्या शेतात तो राबतो त्या मालकालाच आधी सोडवावी लागेल.

मालकाने काय करावं? व्हेंच्युरीच्या किंवा खताच्या टाकीच्या पुढून निघणारा 'टी' आजच काढावा. पिण्यासाठी विहिरीवरून, मोटारीच्या डिलिव्हरीला लागूनच, वेगळी नळी न्यावी आणि तिच्यावर उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह बसवावा. सहाशे-सातशे फुटांचं अंतर असेल तर पिण्याचा शिक्का असलेल्या छोट्या नळीला येणारा खर्च एका फवारणीच्या औषधाशी ताडून बघा. ती नळी गुडघाभर चारीत गाडावी, म्हणजे ऊनही लागणार नाही आणि बैलगाडीखाली फुटणारही नाही. सगळं होईपर्यंत सकाळचं पहिलं पाणी जनावरांच्या हौदात नाही, झाडांना सोडावं आणि थंड पाणी येऊ लागलं की मग कळशी भरावी. उन्हात तापलेलं नळीचं पाणी चहाला, लेकराच्या दुधाला घेऊ नये. नळी नवी असेल तर पहिले काही दिवस ती चांगली धुऊन काढावी. जिथे हातपंप जवळ आहे तिथे पिण्यापुरतं पाणी हातपंपाचं आणावं. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पाडले, पुढे त्यांवर इंडिया मार्क दोनचे पंप आले. त्या पंपाची मूळ घडण ज्या जुन्या पंपांवरून झाली, त्यांत आपला जालन्याचा आणि सोलापूरचा पंप होता. तो पंप अजून चालू असेल, त्याचं पाणी तपासलेलं असेल, तर त्याला नावं ठेवू नयेत.

घरातल्या भांड्यांचंही जाता जाता. पितळी हंड्याला जोडाशी जो डाख देतात त्यात शिसं असतं, आणि कल्हईच्या कथलात भेसळ असेल तर त्यातही. कल्हईवाला दारात आला की शुद्ध कथलाची कांडी मागून घ्यावी.

त्या आखाड्यावर पुन्हा गेलो होतो. मालकांनी 'टी' काढला, तोंडाला एंड कॅप ठोकली. नवी नळी विहिरीवरून आणली, तिच्यावर ४९८४ छापलेलं आहे, ते मी आणि त्यांच्या दहावीतल्या मुलाने मिळून वाचलं. जुना पाइप फेकून देऊ नका, ज्वारीच्या रानात वापरा, असं सांगितलं तर मालक म्हणाले, तो भंगारवाल्याला देऊन टाकतो. मी म्हणालो, तेवढं करू नका मामा, तो वितळून पुन्हा कुणाच्या तरी दारात येईल. पाइप सध्या गोठ्यामागं ठेवलेला आहे. सालगड्याचं साल पाडव्याला संपलं, ते कुटुंब आता लोहा तालुक्यातल्या दुसऱ्या आखाड्यावर आहे. तिथल्या मालकांना मी निरोप धाडला आहे, पुढच्या आठवड्यात जाऊन त्यांची नळी कुठून निघते ते बघणार आहे.